एक आवळा, तीन कायदे: आठवडी बाजारात घरगुती औषधे विकताना नेमके काय लागते?

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि त्याच सुमारास कृषी पणन मंडळामार्फत संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. पुणे, मुंबई, ठाणे अशा शहरांतल्या मोकळ्या मैदानांवर शेतकरी थेट ग्राहकाला भाजी विकू लागला. या बाजारांत, तसेच महालक्ष्मी सरस किंवा भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनांत आणि गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, भाजीच्या रांगेशेजारी आणखी एक टेबल हमखास दिसते. त्यावर निर्गुडीचे तेल, माक्याचे तेल, गुळवेलीची भुकटी, काढ्याच्या पुड्या, कोरफडीचा साबण, बाळगुटीचा संच आणि मेण घालून केलेले वेदनाशामक मलम मांडलेले असते. विकणारी बहुधा एखाद्या बचत गटातली महिला असते, माल तिने स्वतःच्या हाताने केलेला असतो आणि त्यावर तिचा मनापासून विश्वास असतो.

‘परवाना आहे का?’ असे विचारले, तर ‘शॉप ॲक्ट काढला आहे’, ‘उद्यम नोंदणी आहे’ किंवा ‘फूड लायसन आहे’ यांपैकी एखादे उत्तर मिळते. तिन्ही कागद खरे असतात, पण पहिल्या दोघांचा औषधाशी काहीही संबंध नसतो आणि तिसऱ्याचा संबंध फक्त काही बाटल्यांपुरता असतो. उद्यम नोंदणी म्हणजे तुमचा उद्योग सूक्ष्म की लघु याची नोंद. तो औषध करण्याचा परवाना नव्हे. हा गोंधळ विकणाऱ्यांचा एकट्याचा नाही. घेणाऱ्यांना, बाजार भरवणाऱ्यांना आणि पुष्कळदा सल्ला देणाऱ्या एजंटांनाही हे स्पष्ट नसते, म्हणून मुळापासून पाहू.

वनस्पती कोणती, यापेक्षा ती कशासाठी विकता हे महत्त्वाचे

आवळ्याचेच उदाहरण घेऊ. साखरेच्या पाकात मुरवून मोरावळा केला, तर ते अन्न. त्याच आवळ्यात चाळीसहून अधिक घटक घालून ग्रंथात सांगितल्याप्रमाणे च्यवनप्राश केला, तर ते आयुर्वेदिक औषध. आवळा तेलात उकळून ते केसांना लावण्यासाठी, केस मऊ व चमकदार दिसावेत म्हणून विकले, तर ते सौंदर्यप्रसाधन. या तिन्ही वस्तूंना तीन निरनिराळ्या नियमावल्या लागू होतात. अन्नाला २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा, औषधाला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि सौंदर्यप्रसाधनाला त्याच १९४० च्या कायद्याखाली आलेले २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम.

रस्त्यावरची मोटार पाहा. तीच गाडी, तेच इंजिन, पण घरच्या माणसांना नेते तेव्हा पाटी पांढरी आणि भाडे घेऊन प्रवासी बसवते तेव्हा पिवळी. पाटी बदलली की परमिट, विमा आणि तपासणीचे नियम बदलतात. ‘माझी गाडी तीच आहे’ हा युक्तिवाद आरटीओपुढे चालत नाही. वनौषधींच्या बाबतीत ही पाटी म्हणजे तुम्ही वस्तूबद्दल केलेला दावा, म्हणजेच लेबलावर लिहिलेला किंवा तोंडाने सांगितलेला तिचा उपयोग.

आपल्या ओळखीच्या एका वस्तूवरून असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल समजायचे की केसांचे तेल, हा तो प्रश्न. वाद मूळचा केंद्रीय उत्पादन शुल्काचा होता; निकालाच्या वेळी एकावर ५ टक्के, तर दुसऱ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचे तेल ठरत नाही. केसांचे तेल म्हणून लेबल लावून विकले, तर मात्र ते तसे ठरेल. वाद कराचा होता, औषधाचा नव्हता, पण विचार करण्याची पद्धत तीच: बाटलीत काय आहे याच्याबरोबरीने बाटलीवर काय म्हटले आहे, हे पाहणे.

औषध कशाला म्हणतात?

१९४० च्या कायद्यात १९६४ साली आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि पुढे त्यात सिद्ध औषधेही स्पष्टपणे आली. रोगाचे निदान, उपचार, उपशम किंवा प्रतिबंध यांसाठी, पोटात घेण्याचे असो वा बाहेरून लावण्याचे, आणि कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात दिलेल्या प्रमाणग्रंथांतील पाठानुसारच बनवलेले ते आयुर्वेदिक औषध, असा त्या व्याख्येचा आशय आहे. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, भावप्रकाश, योगरत्नाकर हे ग्रंथ त्या यादीत आहेत. ‘पाठ’ म्हणजे घटक, त्यांचे प्रमाण आणि कृती यांचे ग्रंथातले वर्णन. उदाहरणार्थ, सितोपलादी चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ भाग. हे प्रमाण पाळून खोकल्यासाठी केलेली पुडी घरच्या मिक्सरमध्ये दळलेली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ते औषधच आहे.

पाठ ग्रंथातला नसेल, पण घटक सगळे ग्रंथोक्त असतील, तर त्याला ‘प्रोप्रायटरी’ म्हणजे उत्पादकाचे स्वतःचे औषध म्हणतात. आजेसासूबाईंकडून आलेले गुडघ्याचे तेल या खान्यात बसते, आणि गंमत अशी की ते मंजूर करून घेणे ग्रंथोक्त औषधापेक्षा अवघड आहे. ग्रंथोक्त औषधाला ग्रंथाचा आधार पुरतो. स्वतःच्या पाठाला २०१० नंतरच्या नियमांप्रमाणे सुरक्षिततेचा व उपयुक्ततेचा काही पुरावा मागितला जातो. घराण्याचा गुप्त नुस्खा ही बाजारात जाहिरात असते. परवाना मागताना मात्र ते ओझे होते, कारण लेबलावर सगळे घटक जाहीर करावे लागतात.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. ‘उत्पादन’ म्हणजे फक्त कुटणे, उकळणे आणि गाळणे असे नाही. विक्रीच्या हेतूने औषध भरणे, वेष्टनात बांधणे आणि लेबल लावणे हेही कायद्याच्या व्याख्येनुसार उत्पादनातच मोडते. घाऊक बाजारातून पाच किलो तयार चूर्ण आणून शंभर ग्रॅमच्या पाकिटांत भरणारा आणि वर स्वतःचे नाव छापणारा माणूस ‘मी फक्त पॅकिंग करतो’ म्हणतो, तेव्हा तो उत्पादन करतो हेच कबूल करत असतो.

परवाना मिळवायला काय लागते?

आयुर्वेदिक औषधाच्या उत्पादनाचा परवाना महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन देते. नमुना २५-डी हा तो परवाना. त्यासाठी पाळावयाची उत्पादनाची शिस्त ‘शेड्यूल टी’ या परिशिष्टात दिली आहे. जागा, पाणी, यंत्रे, कच्च्या मालाची तपासणी, नोंदवह्या आणि कामगारांचे आरोग्य असे सगळे त्यात येते. निरनिराळ्या प्रकारची औषधे करायची असतील, तर १,२०० चौरस फुटांची आच्छादित जागा आणि प्रत्येक कामासाठी वेगळा कप्पा हवा. प्रकारवार जागाही सांगितली आहे. चूर्ण, लेप, मंजन यांसाठी २०० चौरस फूट. शिवाय आयुर्वेदाची पदवी किंवा नियमात सांगितलेली तत्सम पात्रता असलेली किमान एक व्यक्ती पूर्णवेळ देखरेखीसाठी हवी.

आठवड्याला चाळीस बाटल्या तेल करणाऱ्या महिलेला हे शक्य आहे का? जवळजवळ नाही. माझे मत विचाराल, तर केवळ बाहेरून लावायच्या साध्या तेल-मलमांसाठी कमी खर्चाचा, पण तपासणीसह वेगळा टप्पा असायला हवा. अन्नाच्या कायद्यात छोट्या व्यावसायिकासाठी असा टप्पा आहे, औषधाच्या कायद्यात नाही. तरीही या अटी केवळ अडवणूक आहेत असे म्हणणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण तेलाच्या कढईत दिसते.

कढईतले पाणी

निर्गुडीचे तेल करण्याची ग्रंथोक्त रीत अशी: वाटलेल्या पाल्याचा गोळा, म्हणजे कल्क, एक भाग; तेल चार भाग; पाल्याचा रस किंवा काढा सोळा भाग. हे सगळे मंद आचेवर ठेवून पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवायचे. तेल सिद्ध झाले की नाही, याच्या परीक्षाही सांगितल्या आहेत. कल्क बोटांत फिरवला तर त्याची वात वळली पाहिजे, आणि ती वात जाळावर धरली तर तडतड आवाज येता कामा नये. तडतडली, म्हणजे आत पाणी उरले आहे. तेलावर फेस येणे हीदेखील एक खूण आहे.

ही वातीची परीक्षा म्हणजे आजच्या भाषेत आर्द्रतेची तपासणीच होय. पाणी उरलेले तेल लवकर खवट होते आणि त्यात बुरशी धरते. घाई करणारा माणूस वरचे स्वच्छ दिसणारे तेल ओतून घेतो, बाटली भरताना ती नीट कोरडी केलेली नसते, आणि तीन आठवड्यांनी तळाशी दुधाळ गाळ बसतो. ग्राहकाला तो ‘औषधाचा अर्क’ वाटतो.

ताज्या कोरफडीचा गर घालून केलेल्या क्रीममध्ये तर पाणीच पाणी असते. टिकवण्यासाठी काहीही न घालता ते उन्हातल्या टेबलावर दिवसभर ठेवले, की जिवाणूंची सोय होते. ‘शंभर टक्के प्रिझर्व्हेटिव्हमुक्त’ हे वाक्य कोरड्या चूर्णावर किंवा तेल-मेणाच्या मलमावर शोभते. पाणी असलेल्या क्रीमवर ते छापलेले दिसले, तर मी ती डबी परत ठेवीन. कच्ची लसूण तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवणे आणखी धोक्याचे आहे. हवा न मिळणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जिवाणू वाढू शकतात, आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाही.

‘पण हे तर नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’

पहिला अपाय ओळख चुकल्याने होतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत होते, त्या दिवसांतल्या या नोंदी. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शक्यता मांडली. या वादात कोणाचेही म्हणणे मान्य करा, बाजारातल्या विक्रेत्यासाठी निष्कर्ष एकच निघतो: पुडीत कोणती वेल आहे हे खात्रीने सांगता आले पाहिजे. वाळवून भुकटी केल्यावर वेलीची खूण उरत नाही. अशोकाच्या सालीच्या नावाखाली शोभेच्या उंच ‘खोट्या अशोका’ची साल विकली जाणे हाही जुनाच प्रकार आहे. म्हणूनच लेबलावर मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव आणि वनस्पतीचा वापरलेला भाग लिहिण्याची अट आहे. एकाच मराठी नावाने दोन तालुक्यांत दोन निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात, हे कोकण आणि विदर्भ दोन्हीकडे राहिलेल्या कोणालाही माहीत असते.

दुसरा अपाय वनस्पती बरोबर असूनही होतो. ज्येष्ठमध घशाला गोड लागते, पण जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ घेतल्यास त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होऊ शकते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आजोबांनी रोज दोन वेळा ज्येष्ठमधाचा काढा घेणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. बाळगुटी मधात उगाळून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, परंतु एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण वर उल्लेखिलेल्या जिवाणूंचे सुप्त बीजाणू मधात असू शकतात आणि तान्ह्या बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही.

तिसऱ्या प्रकारात उघडच विषारी द्रव्ये येतात. बिब्बा, बचनाग, धोतरा, कुचला, गुंज, कण्हेर ही आयुर्वेदात वापरली जातात, पण शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची ठरावीक प्रक्रिया केल्यावरच. नियमांत त्यांची वेगळी यादी आहे आणि ती असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना लेबलावर छापावी लागते. या यादीतले काहीही घरच्या चुलीवर करून बाजारात आणू नये. येथे माझ्या मताला दुसरी बाजू नाही.

‘आयुर्वेदिक औषध विकायला तर परवाना लागतच नाही!’

हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येते आणि ते अर्धे बरोबर आहे. ॲलोपॅथीच्या औषध दुकानाला विक्रीचा परवाना लागतो, तसा आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीला या कायद्याखाली लागत नाही. म्हणूनच किराणा दुकानात च्यवनप्राश मिळतो. पण ही सवलत परवानाधारकाने बनवलेले औषध विकण्यापुरती आहे. विनापरवाना बनवलेले औषध विकणे, साठवणे किंवा विक्रीसाठी मांडणे हाही गुन्हाच आहे आणि त्यासाठी कैद व दंड दोन्ही सांगितले आहेत. नणंदेने केलेले तेल भावजय टेबलावर मांडते, तेव्हा जबाबदारी दोघींवर येते.

वैद्य आणि हकीम यांना कायद्याने उत्पादन-परवान्यातून सूट दिली आहे, तीही मोजून मापून. आपल्या स्वतःच्या रुग्णांच्या वापरासाठी त्यांनी औषध तयार केले, तर परवाना लागत नाही. रुग्ण तपासून त्याच्यासाठी दिलेली पुडी आणि बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला विकलेली पुडी यांत फरक आहे. टेबलाशी थांबलेला अनोळखी ग्राहक हा कोणाचा रुग्ण नसतो. घरच्या माणसांसाठी, शेजाऱ्यांसाठी काढा करून दिला, तर त्यात विक्रीच नाही, त्यामुळे ‘आजीच्या बटव्यालाही परवाना मागणार का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

‘औषध न म्हणता अन्न म्हणून विकले तर?’

छोट्या उत्पादकासाठी हाच रस्ता सर्वांत मोकळा आहे, मात्र तो प्रामाणिकपणे चालला पाहिजे. ठरावीक मर्यादेपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या छोट्या खाद्यव्यावसायिकाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते (२०११ च्या मूळ नियमावलीत ही मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होते), आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. मोरावळा, आवळा कँडी, आलेपाक, सुंठवडा, कोकम आगळ, वाळवलेला गवती चहा, डिंकाचे व अळिवाचे लाडू, आले-लिंबाचे पाचक हे सगळे या वाटेने नीट विकता येते.

अडचण सुरू होते ती अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी अशी द्रव्ये घातल्यावर. अशा पदार्थांसाठी २०१६ चे आरोग्यपूरक पदार्थांचे नियम आहेत, त्यांत कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग आणि किती प्रमाणात हे ठरवून दिले आहे, आणि त्यांना छोट्या व्यावसायिकाची साधी नोंदणी पुरत नाही. ग्रंथांतल्या पाककृतींप्रमाणे केलेल्या पदार्थांसाठी मे २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ असा स्वतंत्र वर्ग आला. त्याचे बोधचिन्ह वेगळे आहे, आणि दोन वर्षांखालील मुलांसाठी हा वर्ग नाही. औषधाला आहाराचे कपडे घालण्यासाठी हा वर्ग काढलेला नाही, हे त्याच नियमांत स्पष्ट आहे.

आणि अन्न म्हणून नोंदणी केली, की दावा सोडावा लागतो. सोडायचा म्हणजे लेबलावरून, फलकावरून आणि बोलण्यातूनही. ‘आलेपाक’ एवढे लिहिणे ठीक आहे. ‘दमा मुळापासून बरा’ लिहिले, की पाटी पिवळी झाली. अन्नाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तोंडाने सांगितले तर कोण पकडणार?

येथे १९५४ चा एक जुना कायदा मध्ये येतो, औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. मधुमेह, कर्करोग, उच्च रक्तदाब, मोतीबिंदू, मूतखडा, लठ्ठपणा, अर्धांगवायू, वंध्यत्व अशा आजारांची यादी त्याला जोडली आहे. या आजारांवर अमुक औषध गुणकारी आहे, अशी जाहिरातच करता येत नाही, मग औषध परवान्याचे असो वा नसो. जाहिरातीची व्याख्या तर अशी व्यापक आहे की तीत सूचना, पत्रक, लेबल, वेष्टन आणि तोंडी केलेली घोषणा हे सगळे येते. ‘शुगरवाल्यांनी घ्या, पंधरा दिवसांत गोळी बंद’ असे टेबलामागून ओरडणे ही जाहिरातच झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

कायद्याचे सोडले, तरी या दाव्यामुळे होणारे नुकसान प्रत्यक्ष आहे. भुकटीत काही वाईट नसले, तरी तिच्या भरवशावर इन्सुलिन सोडणारा माणूस आठवड्याभरात अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो.

‘अमेरिकेत फार्मर्स मार्केटमध्ये अर्काच्या बाटल्या राजरोस विकतात’, असे तिकडे राहणारे नातेवाईक सांगतात. तिकडे १९९४ च्या कायद्यामुळे आहारपूरक वस्तूला विक्रीपूर्व मंजुरी लागत नाही, हे खरे. पण रोग बरा करण्याचा दावा केला की तिथेही ती वस्तू औषध ठरते, शरीराच्या कार्याबद्दलचा सौम्य दावा केला तर ‘या विधानाची शासकीय तपासणी झालेली नाही’ अशा अर्थाची ओळ छापावी लागते, आणि २००७ साली आलेले उत्पादनशिस्तीचे नियम स्वयंपाकघरात बाटल्या भरणाऱ्यालाही लागू होतात. जागा बदलली, प्रश्न तोच राहिला.

साबण आणि केसांचे तेल

हाताने केलेला साबण घरगुती उद्योगांत फार लोकप्रिय आहे आणि त्याला काहीच लागत नाही, असा समज तेवढाच घट्ट आहे. साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि त्याच्या विक्रीसाठीच्या उत्पादनाला २०२० च्या नियमांखाली परवाना लागतो. त्वचा स्वच्छ करतो, सुगंध देतो, केस मऊ करतो, इथपर्यंत सौंदर्यप्रसाधनाची हद्द. ‘सोरायसिस बरा करतो’ किंवा ‘टकलावर केस उगवतो’ म्हटले, की तुम्ही औषधाच्या हद्दीत गेलात.

मग हाताने करणाऱ्याने करावे तरी काय?

पहिला उपाय ‘लोन लायसन्स’. स्वतःची जागा नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात, त्यांच्या यंत्रांवर, स्वतःच्या नावाने औषध बनवून घेण्याची ही सोय आहे. त्यात ‘हाताने केलेले’ हा अभिमान थोडा कमी होतो, पण प्रत्येक घाण्याची म्हणजे बॅचची तपासणी होते आणि लेबलावर खरा परवाना क्रमांक येतो. दुसरा उपाय एकत्र येण्याचा. बारा गटांनी बारा स्वयंपाकघरे चालवण्याऐवजी बचत गटांच्या प्रभागसंघाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एक जागा उभी केली आणि एका आयुर्वेद पदवीधराला पगार दिला, तर २०० किंवा १,२०० चौरस फूट हा आकडा आवाक्यात येतो. बचत गटांसाठीच्या योजनांत मसाला गिरण्या आणि पापडाची यंत्रे पुष्कळ आली. तेल-चूर्णाची सामायिक जागा मला त्या मानाने फार कमी दिसते, आणि मागणी तर उलट आहे.

तिसरा उपाय तयार औषध न करता कच्चा माल नीट विकण्याचा. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी जंगलातून गुळवेल गोळा करून, वाळवून ती औषध कंपन्यांना पुरवण्याचे काम उभे केले आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बाळहिरड्यावर अनेक आदिवासी कुटुंबांचा हंगाम निघतो. ओळख पक्की, सावलीत वाळवलेला, बुरशी नसलेला, कुठून तोडला याची नोंद असलेला माल हा स्वतःच मोलाचा आहे, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या तिथूनच सुरू होतात. आणि चौथा उपाय वर सांगितलेला: औषधाचा दावा सोडून अन्न म्हणून उत्तम वस्तू करणे. मोरावळ्याला कोणत्याही रोगाचे नाव जोडावे लागत नाही, तो तसाही संपतो.

घेणाऱ्याने बाटलीवर काय पाहावे?

खाण्याच्या वस्तूवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असतो. छोट्या नोंदणीधारकाचा क्रमांक २ या अंकाने सुरू होतो, मोठ्या परवान्याचा १ ने. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो टाकला, की नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणत्या पदार्थासाठी आहे ते दिसते. पुष्कळदा क्रमांक खरा असतो, पण तो पापड-लोणच्याचा असतो आणि छापलेला असतो गुडघ्याच्या तेलावर.

औषधावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, उत्पादन परवान्याचा क्रमांक, घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांची प्रमाणासह यादी असली पाहिजे. बाहेरून लावायचे असेल तर तशी सूचना हवी. पाकीटबंद असलेल्या कोणत्याही वस्तूवर २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता लागतो. नुसता मोबाइल क्रमांक आणि एक फुलाचे चित्र एवढेच असेल, तर ती बाटली कोणत्याही कायद्याखाली बसत नाही.

शंका आली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार देता येते. तक्रार देताना बाटली रिकामी करू नका आणि झाकण उघडे ठेवू नका. खरेदीची तारीख आणि बाजाराचे ठिकाण लिहून ठेवा, आणि टेबलावरच्या फलकाचा फोटो घ्या, कारण आत काय आहे हे प्रयोगशाळा सांगेल, पण वर काय म्हटले होते हे त्या फोटोतूनच सिद्ध होते.